चारबागहून चौथे स्टेशन

लखनौच्या चारबाग स्टेशनाबाहेर मेट्रो पकडली की हुसैनगंज, सचिवालय, हजरतगंज आणि मग चौथे स्टेशन येते : के. डी. सिंह ‘बाबू’ स्टेडियम. अनुवादाच्या कामानिमित्त या शहरात जाणे-येणे सुरू झाले, तेव्हा त्या नावातला ‘बाबू’ माझ्या मराठी कानाला खटकला होता. बाबू म्हटले की आपल्याला सरकारी कचेरीतला फायलींवर बसलेला गृहस्थ आठवतो. पुढे कळले, की हा अवधातल्या घरातला बाबू, लाडाने हाक मारायचा. कोकणातही घरोघर एखादा बाबू असतोच, हे मी विसरले होते.

कुंवर दिग्विजय सिंह हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म २ फेब्रुवारी १९२२, बाराबंकीचा. चारबागपासून जेमतेम तीस किलोमीटरवर. खेळ हॉकीचा, जागा इनसाइड फॉरवर्डची. म्हणजे मधल्या फळीकडून चेंडू घ्यायचा, दोघा-तिघांना चकवायचे आणि पुढे उभ्या असलेल्याच्या काठीवर तो नेमका ठेवायचा. खेळाचा इतिहास मात्र गोल करणाऱ्याच्या नावाने लिहिला जातो. चेंडू कोणी दिला, याचा रकाना त्या काळच्या वह्यांत नसे. बाबूंचे आयुष्य वाचताना मला हाच रकाना वारंवार रिकामा दिसत राहतो.

त्यांना गोल करता येत नव्हते असे मुळीच नाही. १९४७ च्या अखेरीस भारताचा संघ पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेला. कर्णधार ध्यानचंद, वय बेचाळीस. त्या दौऱ्यात बाबूंच्या नावावर सत्तर गोल नोंदले गेले. खुद्द ध्यानचंदांच्याही पुढे. काळ फाळणीनंतरचा. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत खेळलो त्यांतले काही सीमेपलीकडे गेलेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताकडून सुवर्णपदक जिंकलेले लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन १९५६ ला पाकिस्तानच्या संघात दिसतात. लंडनला कर्णधार होते किशनलाल, मुंबईच्या बीबीसीआय रेल्वेतले, आणि उपकर्णधार बाबू. संघात मुंबईचे लिओ पिंटो आणि मॅक्सी वाझ होते, मूळचे गोव्याचे वॉल्टर डिसोझा होते. अंतिम सामन्यात वेम्बलीवर ब्रिटनला ४-० असे हरवले. स्वतंत्र देशाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण.

चार वर्षांनी हेलसिंकीत बाबू कर्णधार झाले. हेलसिंकी म्हटले की मराठी माणसापुढे फक्त खाशाबा जाधव उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. पण तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. २३ जुलै १९५२ ला खाशाबांचे कांस्य, दुसऱ्याच दिवशी हॉकीचा अंतिम सामना. त्या ऑलिंपिकमध्ये भारताने पदके मिळवली ती ही दोनच. ऑस्ट्रियाला ४-०, ब्रिटनला ३-१ आणि शेवटी नेदरलँड्सला ६-१. तीन सामन्यांत तेरा गोल, त्यांतले नऊ बलबीर सिंगांचे. अंतिम सामन्यातले सहापैकी पाच त्यांचे आणि उरलेला एक कर्णधाराचा. बलबीर थोरच. पण त्या नऊपैकी किती चेंडू बाबूंच्या काठीवरून आले, हे धावफलकावरून कोणालाच सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या हेल्म्स प्रतिष्ठानाने मात्र त्या वर्षीचा आशियातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून बाबूंचीच निवड केली. १९५८ मध्ये पद्मश्री मिळाली.

खेळ थांबल्यावर बहुतेक खेळाडूंचे काय होते, हे खाशाबांच्या वाट्याला आलेल्या उपेक्षेवरून आपल्याला ठाऊक आहे. बाबूंचे तसे झाले नाही. ते घरच्या बाबूचे दुसऱ्या अर्थानेही बाबू झाले. उत्तर प्रदेशच्या क्रीडा परिषदेत बसून त्यांनी फायली हलवल्या. क्रीडा संचालनालय, मुलांसाठी वसतिगृहे, सत्तरच्या दशकात निघालेले लखनौचे गुरू गोविंदसिंह स्पोर्ट्स कॉलेज, या साऱ्यामागे त्यांचा आग्रह होता. या भागावर लिहिणारे एखादा परिच्छेद खर्चून पुढे जातात, कारण त्यात गोल नाहीत. याच शहरात १९२६ साली आपल्या भातखंड्यांनी मॅरिस कॉलेज उभे केले. मैफल गाजवणाऱ्यांच्या आठवणी रंगवून सांगितल्या जातात, अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या नावे मात्र इमारत होते. बाबूंच्या वाट्याला स्टेडियम आले.

मधे म्युनिक येते. १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बाबू भारतीय संघाचे प्रशिक्षक होते. कर्णधार हरमिक सिंग, आणि संघात अशोक कुमार, म्हणजे ध्यानचंदांचे चिरंजीव. ज्या माणसाच्या नेतृत्वाखाली पंचवीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत खेळलो, त्याच्या मुलाला शिकवायचे. याहून सरळ गुरुपरंपरा कुठली! उपांत्य सामन्यात पाकिस्तानने २-० असे हरवले. कांस्यपदकासाठी नेदरलँड्सवर २-१ असा विजय मिळाला. आज त्या पदकाची मिरवणूक निघाली असती. तेव्हा ते अपयश मानले गेले, कारण सुवर्णाखाली काही मोजायची सवयच नव्हती. प्रशिक्षकाच्या वाट्याला असेच येते : जिंकले तर संघ, हरले तर तो. मला विचाराल तर त्या निकालाचा दोष एकट्या बाबूंकडे जात नाही. युरोपने तोवर वेगळीच हॉकी शिकून घेतली होती. चारच वर्षांनी माँट्रियलला कृत्रिम गवत आले, आणि चकवण्याची ती नाजूक कला जिच्यावर पोसली होती ती मैदानेच मागे पडली. भारत सातवा आला. २७ मार्च १९७८ ला बाबू गेले. वय छप्पन्न.

त्यांनी आग्रह धरलेल्या त्या स्पोर्ट्स कॉलेजात नव्वदच्या दशकाअखेरीस मुरादनगरहून एक मुलगा दाखल झाला. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषक उंचावणाऱ्या अकरा जणांत तो होता : सुरेश रैना. हॉकीवाल्याने लावलेल्या झाडाला क्रिकेटचे फळ! बाबू स्वतःही क्रिकेट खेळत, त्यामुळे त्यांना वाईट वाटले नसते.

स्टेडियमचेही तसेच झाले. जानेवारी १९९४ मध्ये तिथे श्रीलंकेविरुद्ध कसोटी झाली. सचिनने १४२ धावा काढल्या, कुंबळेने सामन्यात अकरा बळी घेतले. २०१६ च्या डिसेंबरात भारताने कनिष्ठ गटाचा हॉकी विश्वचषक लखनौत जिंकला, पण तो गोमतीनगरच्या कृत्रिम गवतावर. आणि २ सप्टेंबर २०२४ ला बाबूंच्या स्टेडियमवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा फुटबॉलचा सामना झाला. १-१ अशी बरोबरी, मग पेनल्टींवर ईस्ट बंगालचा विजय. कोलकात्याहून आलेले काही पाठीराखे चारबागला उतरून मेट्रोत बसले असतील. बंगालीत बाबू म्हणजे भद्र माणूस; स्टेशनाचे नाव ऐकून त्यांना यात खटकण्यासारखे काहीच वाटले नसेल.