इंजिन धुणारे हात

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, हा काय इतिहास झाला? विषय आहे इंजिन ब्लॉक धुण्याचा. थांबा, पुढे ऐका.

जुनं इंजिन कामाला काढलं की पिस्टन, क्रँक सगळं उतरवतात आणि उरतो बिडाचा नुसता ठोकळा. त्यावर रंगाचे थर आणि तेल-धुळीचा काळा चिकटा. तो साफ केल्याशिवाय पुढचं काम होत नाही. कारण रंगाखाली तडा लपतो, तेलाच्या वाटेत अडकलेला कण नव्या बेअरिंगला ओरखडे पाडतो आणि तेलकट लोखंडावर नवा रंग धरत नाही. म्हणजे धुणं तर हवंच. पण कशाने? या प्रश्नाचं उत्तर बदलत गेलं आणि दर वेळी त्याची किंमत धुणाऱ्याने मोजली. माझ्या मते खरा इतिहास हाच आहे.

जुना उपाय कॉस्टिक सोड्याचा. टाकीत सोड्याचं पाणी तापवायचं आणि ब्लॉक त्यात बुडवून ठेवायचा. पूर्वीचे बरेच रंग जवसाच्या तेलात कालवलेले असत. अशा तेलाला सोडा लागला की काय होतं? साबण! रंग धरून ठेवणारं तेलच साबण बनून निघून जातं. इंजिन ऑइल मात्र खनिज, त्याचा साबण होत नाही. ते गरम पाण्यात पातळ होऊन सुटतं. बिडाला हे चालतं, अ‍ॅल्युमिनियमला नाही. सोडा ते खाऊन टाकतो. माणसाची कातडीही जाळतो, पण ती जखम निदान डोळ्यांना दिसते.

मग सोपा मार्ग सापडला, पेट्रोल. डबा भरा, ब्रश घ्या, घासा. आगीची भीती होतीच, पण १९२० च्या दशकापासून त्यात आणखी एक गोष्ट आली, टेट्राएथिल लेड. इंजिन ठोकू नये म्हणून मिसळलेलं हे शिसं कातडीतूनही शरीरात शिरतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या एका रिफायनरीत हे रसायन बनवणारे ५ कामगार दगावले. त्यानंतर काही दिवसांतच त्याचा इंजिनातला उपयोग शोधणाऱ्या थॉमस मिजली यांनी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांसमोर ते हातांवर ओतलं आणि मिनिटभर हुंगून दाखवलं. काही धोका नाही म्हणे! गंमत बघा, याच माणसाला आदल्या वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे सुट्टी घ्यावी लागली होती. भारतात शिसंवालं पेट्रोल थेट २००० साली बंद झालं. म्हणजे तोवर आपल्याकडे पेट्रोलमध्ये पार्ट धुणाऱ्या कितीतरी पोऱ्यांच्या हातांना ते शिसं लागलं असणार. त्यांना पत्रकार परिषदेला कोण बोलावणार?

तिसरा उपाय रंग फुगवून सोडवणारा, मेथिलीन क्लोराइडचा स्ट्रिपर. लावा, थोडं थांबा, खरवडा. काम झकास. पण १९७२ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की श्वासातून आत गेलेल्या या द्रवाचा शरीरात कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद खोलीत चालू गाडीचा धूर घ्यावा, तसंच. तरी अमेरिकेत घरगुती ग्राहकांना असे स्ट्रिपर विकायला बंदी आली ती २०१९ मध्ये. मधली ४७ वर्षं मोजा.

आज पाण्यात मिसळायचे डिग्रीझर मिळतात, पार्ट धुण्याची बंद मशीन मिळतात. ती घेता येत नसतील, तर किमान रबरी हातमोजे आणि उघडं दार तरी हवं. इंजिनकामाच्या बिलात मजुरी, बोअरिंग, गॅस्केट सगळं लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी गॅरेजात गेलात की धुणाऱ्या पोराच्या हातात मोजे आहेत का, तेवढं बघा. नसतील तर मालकाला विचारा, आणि शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका.