पंपाआधी मोजणी

इन्सुलिन पंपाचा इतिहास यंत्रापासून सांगायला घेतला की पूर्व विदर्भातला भंडारा जिल्हा त्यात कुठेच दिसत नाही. 11 जानेवारी 1922 रोजी टोरांटोत 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं. 1960च्या दशकात अमेरिकेत अर्नोल्ड कादिश यांनी पाठीवर वाहायचा पंप बनवला, आणि त्यानंतर सुमारे दशकभराने लंडनमध्ये अंगावर बाळगता येईल असा छोटा पंप आला. तरी तो रोजच्या वापरात रुळला, तो बोटातलं रक्त घरीच तपासता येऊ लागल्यावर. म्हणून हा इतिहास मी मोजणीचा मानतो, आणि तिथे भंडाऱ्याचा संबंध थेट येतो. पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकते. हाताबाहेर गेलेला मधुमेह कागदावर अगदी शहाणा दिसतो!

भात खाणाऱ्यांच्या जिल्ह्यात पंप कसला, हा आक्षेप मला लंगडा वाटतो. जेवणाआधीचा डोस ताटाप्रमाणे ठरवता येणं हेच तर पंपाचं बळ. किमतीचा आक्षेप मात्र खरा, आणि उन्हाचा त्याहून खरा. पंपात फक्त जलद इन्सुलिन असतं. त्यामुळे बारीक नळी दुमडली किंवा उष्णतेने ते बिघडलं तर काही तासांत किटोन वाढू लागतात. फ्रीज नसलेल्या घरात कुपी माठाच्या गारव्यात ठेवता येते. मे महिन्यात धानाच्या बांधीवर उभ्या माणसाच्या कमरेच्या पंपाला तो गारवा कुठून मिळणार?