दवंडी ते पेजिंग

"ऐका हो ऐका!" हलगीवर टिपरू पडलं की बीड जिल्ह्यातल्या गावात माणसं दारात येत. शेतसारा असो, साथीचा रोग असो की ग्रामसभा, बातमी चावडीवरून निघे आणि आळीआळीने फिरे. 1948 पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, गावाची मराठी. कागदावरचा हुकूम लोकांच्या कानी पडायचा तो दवंडीतूनच.

दवंडी पिटणं हे गावकीचं काम. ते बहुतेक ठिकाणी महार समाजावर लादलेलं होतं, आणि राबणुकीच्या मानाने मोबदला नगण्य. या वतनी गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडलं. दवंडीच्या आठवणी काढताना हे विसरून चालणार नाही.

पुढे ग्रामपंचायतीवर भोंगा आला. बीड जिल्ह्यातल्याच परळीत 1971 मध्ये औष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. टर्बाइनच्या गडगडाटात हाकेला कोण ओ देणार? अशा ठिकाणी ध्वनिक्षेपक हीच हाक.

आज इंटरनेट फोनवर एक आकडा दाबला की गटातले सगळे फोन आपोआप उचलले जातात आणि स्पीकरवर एकच सूचना उमटते. हे पेजिंग, म्हणजे दवंडीच: बोलणारा एक, ऐकणारे अनेक. इंटरकॉमवर मात्र समोरच्याला तिथल्या तिथे उत्तर देता येतं. अशा इंटरनेट फोनची जोडणी ज्या 'सिप' नियमावलीवर चालते, ती पहिल्यांदा 1999 मध्ये प्रसिद्ध झाली.

हलगीवाल्याला उलट प्रश्न विचारता येत असे. पेजिंगमध्ये ती सोय नाही.