अडुळसा: कुंपणापासून प्रयोगशाळेपर्यंत

१/ आजरा ते आंबोली या सह्याद्रीच्या पट्ट्यात काय किंवा देशावर काय, खोकला झाला की घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक नाव हमखास येते: अडुळसा. पाने कडू, गुरे त्यांना तोंड लावत नाहीत. म्हणून कुंपणालाही सोयीचा. परंतु तो खोकल्यावर गुणकारी आहे, याला पुरावा कोणता?

२/ पहिला पुरावा परंपरेचा. संस्कृतात याचे नाव ‘वासा’. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कास, श्वास आणि रक्तपित्त यांवर तो सांगितला आहे. मात्र सर्दीचा खोकला बहुधा दोन-तीन आठवड्यांत आपोआपच ओसरतो. त्यामुळे काढा घेतला आणि बरे वाटले, एवढ्यावरून काढ्याने बरे केले असे ठरत नाही.

३/ दुसरा पुरावा रसायनशास्त्राचा. १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी पानांतून ‘व्हॅसिसीन’ हे अल्कलॉइड वेगळे केले. १९२५ मध्ये रामनाथ चोप्रा आणि घोष यांनी अडुळशाच्या औषधी क्रियेवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली.

४/ याच सुमारास चीनमध्ये असाच शोध सुरू होता. खोकला व दम्यावरील ‘माहुआंग’ या वनस्पतीतून जपानच्या नागाई यांनी १८८५ मध्ये एफेड्रिन वेगळे केले होते. १९२४ मध्ये पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी त्याचे परिणाम मांडले आणि दम्यावर ते जगभर वापरले जाऊ लागले. पुढे याच वनस्पतीची पूरक उत्पादने हृदयास घातक ठरल्याने अमेरिकेने २००४ मध्ये त्यांवर बंदी घातली. गुण आणि धोका एकाच द्रव्यात होते.

५/ अडुळशाची कथाही तशीच. व्हॅसिसीनच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोमहेक्सीन तयार झाले व १९६०च्या दशकात बाजारात आले. कफ पातळ करणारे अँब्रोक्सोल हे त्याचेच पुढचे रूप. दुसरीकडे, व्हॅसिसीनने गर्भाशयाचे आकुंचन होते असे प्रयोगांत दिसले. म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळावा असे सांगतात.

६/ येथे एक भेद ध्यानात ठेवावा. रेणूचा पुरावा हा काढ्याचा पुरावा नव्हे. पानांतील द्रव्याचे प्रमाण ऋतू व जागेनुसार बदलते. आधुनिक औषधांनाही हाच निकष लागतो: २०१४च्या कॉक्रेन समीक्षेत दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांच्या बाजूने वा विरुद्ध ठोस पुरावा आढळला नाही.

७/ परंपरेने कोठे शोधावे हे दाखविले. काय सापडले हे ठरविण्याचे काम प्रयोगाचे. या दोहोंपैकी एकालाच इतिहास मानले, तर अडुळशाची कथा अर्धीच राहते.