मालक कोण?

माझे वडील पुण्याच्या भवानी पेठेत एका भुसार आडत्याकडे दिवाणजी होते. शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे. शेतकऱ्याला द्यायची पट्टी तेच लिहीत. वर मालाची रक्कम आणि खाली वजावट : आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं. म्हणजे पोतं उचलणाऱ्याची मजुरी शेतकऱ्याच्या पैशातून कापली जायची. दुकानाच्या पगाराच्या पानावर दिवाणजीचं नाव होतं, झाडणाऱ्या पोऱ्याचं होतं, हमालाचं नव्हतं.

मी एकदा विचारलं, "अण्णा, हे लोक नोकरीला कुणाकडे?"

"कुणाकडेच नाही. ते टोळीचे."

या उत्तराचा अर्थ कळायला मला बरीच वर्षं लागली.

टोळी म्हणजे बहुतेक एकाच गावाकडची, नात्यागोत्यातली माणसं. त्यांचा एक मुकादम. ट्रक लागला की सगळे मिळून रिकामा करायचे आणि संध्याकाळी आलेले पैसे सारखे वाटून घ्यायचे. एखादा आजारी पडला तर काही दिवस त्याची वाटणी बाजूला काढली जायची. यातलं काहीही कागदावर नव्हतं. आज ज्याला आपण 'नेटवर्क' म्हणतो, ते हेच. पण त्याचं फार कौतुकही नको. टोळीत शिरायला ओळख लागायची, मुकादमापुढे कुणाचं चालायचं नाही आणि सांडलेलं धान्य झाडून-निवडून देणाऱ्या बायका टोळीच्या बाहेरच असायच्या. शिवाय पोतं शंभर किलोचं. त्याने पाठ गेली तर टोळी दोन आठवडे सांभाळू शकत होती, म्हातारपण नाही.

या बाजारातल्या हमालांना घेऊन डॉ. बाबा आढावांनी 1955 साली हमाल पंचायत उभी केली. त्यांचा दवाखाना जवळच, नाना पेठेत होता. 'पंचायत' हे नाव मला फार नेमकं वाटतं. युनियन म्हटलं की समोर मालक लागतो. इथे समोर कोण होतं? आडत्या म्हणायचा, माल शेतकऱ्याचा. शेतकरी म्हणायचा, मी तर आज आलो आणि आज चाललो. ट्रकवाला म्हणायचा, मला भाड्याशी मतलब. सगळ्यांचं काम हमालावर अडायचं, पण हमाल कुणाचाच नव्हता. आणि तेव्हाचे कामगार कायदे तर पहिलाच प्रश्न विचारत : मालक कोण?

मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात अण्णासाहेब पाटलांनी माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांना, म्हणजे माथाडींना, एकत्र केलं होतं. त्यांच्या आणि पुण्यातल्या लढ्यांच्या रेट्यातून 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. गोदी कामगारांसाठी 1948 साली असाच एक केंद्रीय कायदा झाला होता. तिथेही रोज वेगळं जहाज आणि रोज वेगळा मालक.

माथाडी कायद्याने मालक शोधत बसण्याचा नाद सोडला. एक मंडळ नेमलं : मालकांचे आणि कामगारांचे समान प्रतिनिधी, शिवाय सरकारचे. काम करून घेणाऱ्याने नोंदणी करायची आणि कामगाराचीही नोंदणी मंडळाकडेच. मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मजुरी कामगाराला मिळते आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे निघतात. आज या दुकानात आणि उद्या त्या दुकानात काम केलं तरी हिशेब एकाच खात्यावर. टोळी मोडली नाही, तिच्या पाठीशी कायदा उभा राहिला.

हाच विचार पुण्यात पुढेही चालत आला. 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली आणि कचरा वेचणाऱ्या बायका कामगार म्हणून उभ्या राहिल्या. 2008 साली त्यांच्याच 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायचं काम घेतलं. इथेही एकच असा मालक नाही. शुल्क घरं देतात आणि संस्था बायकांची.

हे सगळं आठवायला कारण आमच्या सोसायटीत जेवणाची पार्सलं आणणारा एक पोरगा. एका संध्याकाळी त्याचा आयडी बंद झाला. कुणा ग्राहकाने तक्रार केली होती, एवढंच त्याला कळलं. ॲपवर विचारलं की तेच ते वाक्य परत यायचं. धावून आली ती त्याच्याबरोबरच्या पोरांची व्हॉट्सॲपवरची टोळी. कुठे जायचं, काय लिहायचं, हे त्यांनी सांगितलं आणि गाडीच्या हप्त्यापुरते पैसेही जमवून दिले. ॲपने प्रत्येकाला सुटं केलेलं आणि ती पोरं पुन्हा एकत्र आलेली. मला भवानी पेठ दिसली. टोळीची मर्यादाही दिसली : ती हप्ता भरू शकते, आयडी सुरू करून देऊ शकत नाही.

नवे कायदे येताहेत. राजस्थानने 2023 साली अशा कामगारांसाठी मंडळ नेमणारा कायदा केला. केंद्राची 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण आपल्याकडच्या मोठ्या वादांत पोरांचा प्रश्न मागेच राहतो. बाईक टॅक्सीविरुद्ध पुण्यातले रिक्षावाले 2022 च्या नोव्हेंबरात रस्त्यावर उतरले आणि जानेवारी 2023 मध्ये उच्च न्यायालयाने रॅपिडोला सेवा थांबवायला सांगितलं. वाद कंपनीच्या परवान्याचा होता. गाडी बंद झाली तर ती चालवणाऱ्याने काय करायचं, हा नव्हता.

1969 कडून घ्यायच्या गोष्टी मला साध्या दिसतात. कामगाराची नोंद कंपनीकडे नको, मंडळाकडे हवी. म्हणजे बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणाचा आयडी बंद होणार नाही. लेव्ही प्रत्येक फेरीवर हवी. माथाडी मंडळाला पोती मोजणं जड जायचं. ॲपमध्ये प्रत्येक फेरी आधीच मोजलेली असते. आणि मंडळावर कामगारांना खुर्ची हवी.

एक सावधगिरीही तिथूनच घ्यावी. माथाडीच्या नावाखाली कारखान्यांकडून खंडणी उकळणाऱ्या टोळ्याही झाल्या. त्यांचं कारण पुढे करून 2023 साली कायदा बदलायचं विधेयक आलं आणि ते खऱ्या माथाडींच्याच मुळावर येईल म्हणून संघटनांना त्याच्याविरुद्ध उभं राहावं लागलं. नोंदणी आणि हिशेब सगळ्यांना दिसेल असा नसेल, तर मंडळ कुणा दादाच्या हाती जायला वेळ लागत नाही.

परवा जेवण मागवलं तेव्हा बिल नीट वाचलं. पदार्थाची किंमत, पॅकिंग, डिलिव्हरी, प्लॅटफॉर्म शुल्क, कर. अण्णांची पट्टीच ती. हमालीची ओळ तेव्हाही होती, आताही आहे. लेव्हीची ओळ मात्र अजून यायची आहे. ती आली तर माझं बिल काही रुपयांनी वाढेल. मला चालेल.