पाच पूल आणि एक मोटार

तंजावरहून तिरुवैयारुला जाणारी वाट जेमतेम 12-13 किलोमीटरांची. पण एवढ्याशा वाटेत वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी अशी पाच पात्रे ओलांडावी लागतात. तिरुवैयारु या नावाचा अर्थच मुळी पाच पवित्र नद्यांचे स्थान असा आहे. पौष वद्य पंचमीला तेथे त्यागराजांच्या समाधीपाशी आराधना होते. त्या सुमारास भाताची कापणी चालू असते आणि शेतकरी खुशाल डांबरी रस्त्यावर धान्य वाळत घालतात. अशा वाटेवरून एका वर्षी मी ज्या मोटारीतून गेलो, तिच्यात बसल्यावर हात लांबवला तर रस्त्याला लागेल की काय असे वाटत होते.

ती एम.जी. कंपनीची टी.सी. नावाची दोन आसनांची मोटार, इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे बांधलेली. ‘बांधलेली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. महायुद्ध संपले त्या 1945 सालीच ही मोटार निघाली आणि 1949 पर्यंत अशा सुमारे 10,000 तयार झाल्या. अमेरिकेत तेव्हा मोटारींचे सांगाडे यंत्राच्या पट्ट्यावरून आपोआप पुढे सरकत; ॲबिंग्डनचे कामगार मात्र एका टप्प्यावरचे काम संपले की मोटार हातांनी ढकलून पुढल्या टप्प्यावर नेत. वरून पत्रा दिसतो, परंतु त्याखाली ॲश वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा असतो. घोड्यांची बग्गी बांधणाऱ्या सुताराची विद्या ती अशी मोटारीच्या अंगात उतरली. माल्व्हर्न येथील मॉर्गनच्या कारखान्यात तर आजही सुतार हेच लाकूड तासीत असतात. ॲबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद पडला. आपल्या रस्त्यांवर 2019 पासून एम.जी. नावाच्या ज्या मोटारी दिसू लागल्या, त्यांचे त्या गावाशी नाते नावापुरतेच.

इंजिन अवघे 1250 सी.सी.चे, शक्ती 54 अश्वांची. फार तर ताशी 120 किलोमीटरचा वेग. आजची साधी कौटुंबिक मोटारही तिला मागे टाकील. पण समोरची काच पुढे आडवी पाडता येते, दाराची कड कोपरासाठी खोल कापलेली असते, आणि सुकाणूचे चक्र जरा स्वतःच्या मताने चालते. त्यामुळे ताशी 60 किलोमीटरलाच छाती धडधडू लागते. वेण्णारचा पूल चढताना ओल्या मातीचा वास एकदम तोंडावर आला, तेव्हा बंद मोटारींतून केलेले माझे आजवरचे सारे प्रवास मला फुकट गेलेले वाटले!

मालक तंजावरच्या एका जुन्या मराठी घराण्यातले वयोवृद्ध गृहस्थ. निघण्यापूर्वी त्यांनी हत्यारांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. “ही सांभाळा. पाहुण्याचं काम एवढंच,” ते म्हणाले. मोटार त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पुढे 1950 नंतरच्या दशकात सरकारने परदेशी मोटारींच्या आयातीस अटकाव केला; फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी येथील जुळणीची कामे आवरती घेतली. विलायतेचा सुटा भाग मिळणे दुर्घट झाले, आणि या गाडीचा दुसरा जन्म तंजावरच्या लेथवर सुरू झाला.

त्या जन्माची एक कथा सांगण्यासारखी आहे. नवे बोल्ट करावयास घेतले, तेव्हा इंग्रजी मापाचा पाना त्यांच्या डोक्यांवर चपखल बसे. पण इंग्रजी आट्यांचा बोल्ट केला की तो दोन फेऱ्यांत अडकून बसे. दोन-चार बोल्ट मोडल्यावर लेथवाल्याने जुन्या बोल्टाचे आटे मोजले, ते निघाले मीटरच्या मापाचे. खुलासा इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धात हॉचकिस ही फ्रेंच शस्त्रकंपनी कॉव्हेन्ट्रीला आली. तिचा कारखाना 1923 मध्ये मॉरिसने विकत घेतला, तेव्हा फ्रेंच मापांची यंत्रेही त्याच्याकडे आली. ती टाकून देण्यापेक्षा फ्रेंच आट्यांवर इंग्रजी डोकी बसवणे स्वस्त पडले. कोणत्याही पुस्तकावाचून तंजावरच्या एका कारागिराने ती तडजोड तीन दशकांनंतर उकलली.

श्रोतेहो, या गावाला हे नवे नाही. 1798 ते 1832 या काळात तेथे राज्य करणारे सरफोजी राजे विलायतेहून ग्रंथ आणि शास्त्रीय उपकरणे मागवीत; त्यांनी 1805 च्या सुमारास देवनागरी छापखाना घातला. कलकत्त्याचे बिशप हेबर 1826 मध्ये त्यांना भेटले, आणि राजांच्या रसायनाच्या व वनस्पतिशास्त्राच्या ज्ञानाबरोबरच घोड्याच्या अचूक पारखीचीही त्यांनी नोंद केली. घोड्याची पारख आणि यंत्राची पारख यांत मला फारसे अंतर दिसत नाही. दोहोंतही कान लागतो. त्याच काळात इंग्रजांचे व्हायोलिन कर्नाटक संगीतात शिरले. मुथ्थुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी ते शिकले. तंजावरचे वडिवेलु यांना 1834 मध्ये स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन दिले. मांडी घालून, वाद्याचे टोक पावलावर टेकवून ते वाजू लागले, आणि आज त्याला परके म्हणणारा वेडा ठरेल.

कुडमुरुट्टीच्या पुलावर मोटार बंद पडली. मागे बैलगाडी, तिच्यामागे एस.टी.! मालकांनी शांतपणे बॉनेटची एक बाजू उघडली, निसटलेली तार पाहिली आणि म्हणाले, “काल मीच जोडली होती. घाई केली.” पिशवीतून पक्कड काढून देताना मी त्यांना विचारले की हा व्याप किती दिवस. तेव्हा कळले की चेन्नईला असलेला मुलगा जपानी इंजिन बसवून देण्यास तयार आहे; मग पिशवी लागणार नाही. मला ते वावगे वाटले नाही. व्हायोलिनची बैठक आपण बदललीच की, असे मी म्हणालो.

“बैठक बदलली, स्वर बदलले,” तार पिळीत ते म्हणाले. “या गाडीचं लाकूड आता सागाचं आहे, बोल्ट तंजावरचे आहेत. राहिलं ते इंजिनच.” थोडे थांबून पुढे म्हणाले, “मुलाचंही खोटं नाही. मी नसेन तेव्हा ही पिशवी कोण धरणार?”

एस.टी.चा वाहक उतरला आणि काही न बोलता मागून ढकलू लागला, बैलगाडीवालाही आला. पाच पावलांत इंजिन धडधडले. पाचवा पूल ओलांडून आम्ही तिरुवैयारुत पोचलो तेव्हा समाधीच्या मांडवात वाद्ये लावणे चालू होते, आणि एक म्हातारा वादक व्हायोलिनची खुंटी किंचित पिळून, कान जवळ नेऊन, पुन्हा सैल करीत होता. मालक मात्र अजून बाहेरच होते. गाडी सावलीत लावून त्यांनी पुन्हा बॉनेट उघडले होते.