पाच प्रश्नचिन्हांचा पासवर्ड

'मराठी' आणि 'कविता' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे पहिलीतलं पोरगंही सांगेल. पण २०१० पर्यंत एक प्रोग्राम असा वापरात होता, ज्याला हे दोन्ही एकच वाटायचे. आणि त्याचं काम होतं पासवर्ड सांभाळायचं!

थोडं मागे जाऊ. १९७९ साली रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डबद्दल एक लेख लिहिला. मुद्दा साधा. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचा नाही, दळून त्याचं पीठ ठेवायचं. पिठाचे परत गहू होत नाहीत. लॉगिनच्या वेळी आलेला शब्द पुन्हा दळायचा आणि पीठ जुळतंय का बघायचं. हेच हॅशिंग. त्या गिरणीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं जायची, तीही प्रत्येकी सात बिटांची. इंग्रजीला तेवढं पुरतं. आपली अक्षरं कुणाच्या हिशेबातच नव्हती.

१९९९ मध्ये नील्स प्रोव्होस आणि डेव्हिड माझिएर यांनी 'बीक्रिप्ट' मांडलं. मुद्दाम संथ दळणारी गिरणी, म्हणजे चोराला लाखो शब्द झटपट दळून बघता येऊ नयेत. ती 'सी' भाषेत होती. जावावाल्यांनाही ती हवी होती, म्हणून 'जेबीक्रिप्ट' आलं.

गोष्टीच्या भाषांतरात एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर चालून जातं. हॅशमध्ये एक बिट हलला की सगळं पीठ बदलतं. जावात अक्षरांचे आधी बाइट करावे लागतात. जेबीक्रिप्टने त्यासाठी इंग्रजीपुरता आस्की तक्ता वापरला. त्यात न सापडणाऱ्या प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह! संगणकाच्या लेखी 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, वेलांटी. पाच खुणा. 'कविता'च्याही पाचच. दोन्हींचं झालं '?????'. नुसती पाच प्रश्नचिन्हं टाइप केली तरी कुलूप उघडणार. २०१० मध्ये ही चूक दुरुस्त झाली.

पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, बीक्रिप्टच्या सीमध्येच नव्याने लिहिलेल्या 'क्रिप्ट ब्लोफिश' या आवृत्तीतही खोट सापडली. पीएचपी हीच आवृत्ती वापरत होती. सीमध्ये 'कॅर' हा प्रकार अनेक यंत्रांवर उणे आकडेही धरतो, त्यामुळे १२७ च्या वरचा बाइट उणे ठरायचा. चार बाइट एकत्र करताना तो आधीच्या तीन बाइटांपर्यंत पुसून टाकायचा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे तीन बाइट, आणि तिन्ही १२७ च्या वरचे. म्हणजे मराठी पासवर्डचा तीन चतुर्थांशापर्यंत भाग वाया जाऊ शकायचा! हे दहा वर्षांहून जास्त काळ कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इंग्रजी पासवर्ड टाकले की उत्तर बिनचूक यायचं.

बरं, चूक कळली तरी जुनं पीठ दुरुस्त कसं करणार? गहू तर कुणाकडेच नाहीत. म्हणून जुन्या चुकीच्या हॅशसाठी 'टू-एक्स' आणि सुधारित हॅशसाठी 'टू-वाय' अशा खुणा ठरल्या. चूक लपवली नाही, तिला नाव दिलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, मराठीत पासवर्ड ठेवतो कोण? फारसं कोणी नाही. पण का नाही, याचं अर्धं उत्तर वरच्या इतिहासातच आहे. आणि प्रश्न पासवर्डपुरताही नाही. सातबारा, रेशनकार्ड, दाखले, सगळं आता संगणकावर आहे आणि जुन्या प्रणालीतून नव्यात जात राहणार आहे. तेव्हा कंत्राटदाराला विचारायचा प्रश्न एकच: चाचणी घेताना त्यात ज्ञानेश्वर, कृष्णाबाई, वाङ्मय हे शब्द होते का? की नुसतं एबीसीडी टाकून 'ओके' म्हटलं?

यंत्र मुद्दाम भेदभाव करत नाही. पण ज्यांची अक्षरं चाचणीत नसतात, त्यांचं प्रश्नचिन्ह होतं.